फाइल आहे, पण ड्रॉइंग उघडत नाही

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडमधल्या निवृत्त शिल्प निदेशक. मुक्काम आर्वी तालुका, जिल्हा वर्धा.)

मागच्या अंकात एका वाचकाला मी दोनच ओळी लिहिल्या होत्या: ऑटोकॅडची (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची) फाइल सीडीवर पडून आहे म्हणजे ती जपली आहे असं धरू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून मोजून पाहा. त्यावर इतकी पत्रं आली की हे पानभर त्याच विषयाला दिलं आहे. मी मुलांना आधी ड्रॉइंग बोर्डवर आणि मग कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकवलं. त्यातली कित्येक मुलं आज गावोगावच्या वर्कशॉपमध्ये आहेत, आणि त्यांनी काढलेल्या रेषा त्यांच्याच हयातीत हरवताहेत. हे मला सहन होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. दारव्हा तालुक्यात आमचं शेतीअवजारांचं वर्कशॉप आहे. पेरणी यंत्र, डवरे, मिनी डाळमिल. ड्रॉइंगं माझा मोठा भाऊ काढायचा. २००१ ते २००६ मधली त्याची सगळी ड्रॉइंगं ऑटोकॅडमध्ये, सीडीवर आहेत. भाऊ आता नाही. जुने गिऱ्हाईक पार्ट मागतात. पुतण्यानं सीड्या लावून पाह्यल्या. काही फाइली नीट उघडतात, काहींत अर्धंच ड्रॉइंग दिसते, अन् मराठीत लिहिलेलं सगळं इंग्रजी अक्षरांचा काला झालं. कॉम्प्युटरवाला म्हणते, सगळ्याचे पीडीएफ करा अन् मोकळे व्हा. काय करू?

भाऊ, पीडीएफ करायचेच आहेत, पण सगळ्यात शेवटी. आज संध्याकाळचं काम वेगळं आहे. एकेक सीडी लावा आणि जे वाचता येईल ते सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगाच्या पातळ थरात असते. ऊन, ओल आणि ओरखडे यांनी तो थर बिघडतो. टिनाच्या शेडखाली यवतमाळचे उन्हाळे काढलेल्या सीडीचा मी एक दिवसही भरवसा धरणार नाही. एखादी सीडी अडकली तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसरा पुष्कळदा वाचतो. उतरवलेल्या फोल्डरला ‘मूळ’ असं नाव द्या, ते रीड-ओन्ली करा आणि त्यात पुन्हा काहीही सेव्ह करू नका. पुढची सगळी दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करायची.

आता फाइल कोणत्या काळातली ते पाहा. ऑटोकॅड ड्रॉइंग ज्या प्रकारात सेव्ह करतं ती डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पडदाभर निरर्थक खुणा दिसतात, पण अगदी पहिली सहा अक्षरं वाचता येतात. तिथे इंग्रजीत एसी१०१५ असेल तर फाइल ऑटोकॅड २००० ते २००२ या आवृत्त्यांची. एसी१०१८ असेल तर २००४ ते २००६ ची. एसी१०१४ म्हणजे आर-१४, आणि एसी१००९ म्हणजे आर-११ किंवा आर-१२. तुमच्या भावाच्या फाइली बहुतेक पहिल्या दोन गटांत निघतील. सुरुवातीला एसी हीच अक्षरं नसतील तर फाइल सीडीवरून नीट उतरली नाही असं समजा आणि पुन्हा उतरवा. नोटपॅड बंद करताना सेव्ह मात्र करू नका, नाहीतर चांगली फाइल तिथेच खराब होईल.

जुनेपणाची फार काळजी करू नका. आजचं ऑटोकॅड या फाइली उघडतं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतं, त्यातही पाहता येतं. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण डीडब्ल्यूजीची आतली रचना ऑटोडेस्कने कधी जाहीर केलेली नाही. म्हणून १९९८ साली बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी एकत्र येऊन ती रचना स्वतः उलगडायला घेतली. त्यांच्या संघटनेचं आजचं नाव ओपन डिझाइन अलायन्स. त्यांचा फाइल कन्व्हर्टर उतरवून घ्या. तो अख्खा फोल्डर एका झटक्यात डीएक्सएफमध्ये बदलून देतो. डीएक्सएफ हा प्रकारही ऑटोडेस्कचाच, १९८२ च्या पहिल्या ऑटोकॅडपासूनचा, पण त्याची रचना जाहीर आहे आणि तो साध्या मजकुरात असतो. रेषेची सुरुवात कुठे, शेवट कुठे, वर्तुळाची त्रिज्या किती, हे आकडे त्यात डोळ्यांनी वाचता येतात. उद्या एकही कॅड सॉफ्टवेअर उरलं नाही तरी हुशार पोरगा त्या आकड्यांवरून ड्रॉइंग पुन्हा उभं करू शकेल.

अर्धंच ड्रॉइंग दिसतं त्याचं कारण बहुधा एक्सरेफ. तुमच्या भावाने चौकट, चाक, धुरा अशा नेहमीच्या भागांची वेगळी ड्रॉइंगं करून ती मोठ्या ड्रॉइंगला नुसती जोडली असतील. जोडताना मुख्य फाइलमध्ये फक्त पत्ता लिहिला जातो, म्हणजे डी ड्राइव्हमधला अमुक फोल्डर. तो कॉम्प्युटर गेला, पत्ता गेला, भाग गायब. ऑटोकॅडमधली एक्सरेफची यादी उघडली की कोणती फाइल सापडत नाही तिचं नाव दिसतं. त्या नावाची फाइल बाकीच्या सगळ्या सीड्यांत शोधा. सापडली की नवा पत्ता द्या आणि ‘बाइंड’ करून ती मुख्य ड्रॉइंगमध्ये कायमची मुरवून टाका. रोजच्या कामात एक्सरेफ सोयीचा आहे, पण जपायच्या प्रतीत तो ठेवू नये या मताची मी आहे.

मराठी मजकुराचं दुखणं आपल्याकडचं खास आहे. त्या काळी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरून मराठी लिहीत. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठत आणि त्यांना मराठी रूप फॉन्ट देत असे. फॉन्ट नसला की उरतो तो काला. मजकूर गेलेला नाही, त्याचं रूप गेलं आहे. ड्रॉइंगच्या टेक्स्ट स्टाइलमध्ये फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. ते पाहा, तोच फॉन्ट मिळवा, ड्रॉइंग उघडून मराठी वाचता येतं का ते बघा आणि मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, पुन्हा टाइप करा. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तेव्हा ओळ न् ओळ वाचायलाच हवी. एक लक्षात ठेवा: डीडब्ल्यूजीमध्ये युनिकोड मजकूर २००७ च्या आवृत्तीपासून नीट बसतो, त्यामुळे दुरुस्त प्रत त्यापेक्षा जुन्या प्रकारात सेव्ह करू नका. ऑटोकॅडचं ई-ट्रान्समिट सगळ्या जोडफाइली एकत्र बांधून देतं, मात्र ट्रूटाइप फॉन्ट त्यात आलेच असं धरू नका. फॉन्टची फाइल हाताने फोल्डरमध्ये टाका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर इतकं लांबवते आहे तिच्याकडे येते. लहान वर्कशॉपमध्ये माप बदललं की रेष न बदलता आकडाच खोडून नवा लिहायची सवय सर्रास असते. रेष ३० मिलिमीटरची, वर लिहिलंय ३२. घाईत हेच होतं, आणि कारागीर लिहिलेला आकडा पाहतो म्हणून पार्टही बरोबर बनतो. पण आज तीच फाइल लेझर कटिंगला गेली तर मशीन आकडा वाचत नाही, रेष कापते. पत्रा ३० चा निघेल. म्हणून प्रत्येक डायमेन्शनवर क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ची जागा पाहा. तिथे मापाचा आकडा लिहिलेला असेल तर ते माप हाताने बदललेलं आहे. अशा मापांची यादी करा. खरं माप कोणतं, रेषेचं की आकड्याचं, हे कॉम्प्युटर सांगू शकणार नाही. ते सांगेल शेडमधला जिग, भिंतीला टांगलेलं टेम्प्लेट, किंवा गिऱ्हाइकाकडे आजही चालणारं यंत्र. व्हर्नियर घेऊन जा आणि मोजा.

तुमच्याकडे भावाच्या काळापासूनचा एखादा फिटर किंवा टर्नर असेलच. त्याला कॉम्प्युटरसमोर बसवा, चहा सांगा, एकेक ड्रॉइंग उघडा आणि विचारा. बियाण्याच्या चकतीचं छिद्र एवढंच का? तुरीसाठी वेगळी चकती होती का, की सोयाबीनची जेएस ३३५ ही जात डोळ्यांपुढे ठेवून ही केली होती? डाळमिलच्या रोलरला एमरी कोणत्या नंबरची लावायचे? पुली नंतर का बदलली? तो जे सांगेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या नावाने एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा. ड्रॉइंगमध्ये ‘किती’ असतं. ‘का’ त्या माणसापाशी आहे, आणि तो माणूस म्हातारा होतो आहे. माझं ऐकाल तर फाइली बदलण्याच्या आधी हे करा.

एवढं झालं की पीडीएफ. त्यातही पीडीएफ-ए निवडा. २००५ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने लांब पल्ल्याच्या जपणुकीसाठी ठरवलेला हा प्रकार आहे. फॉन्ट फाइलच्या आतच असतो, बाहेरच्या कशावर तो अवलंबून नसतो. त्यामुळे मराठी मजकूर पुन्हा काला होणार नाही. ड्रॉइंगच्या एका कोपऱ्यात १०० मिलिमीटरची मोजपट्टी काढून ठेवा. छापताना प्रमाण बिघडलं तर पट्टी मोजून लगेच कळेल. महत्त्वाच्या ड्रॉइंगांचे कागदी प्रिंटही काढा, पण लेझर प्रिंटरवर. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते, आणि आमच्या वेळच्या अमोनिया प्रिंट उजेडाने किती फिक्या पडल्या ते मी पाहिलं आहे. म्हणजे प्रत्येक पार्टमागे तुमच्याकडे मूळ डीडब्ल्यूजी, दुरुस्त डीडब्ल्यूजी, डीएक्सएफ, पीडीएफ आणि टिपणाची टेक्स्ट फाइल राहील. पीडीएफ डोळ्यांसाठी, डीएक्सएफ मशीनसाठी. नुसत्या पीडीएफवर मोकळे झालात तर पुढच्या माणसाला सगळं पुन्हा काढावं लागेल.

सगळी ड्रॉइंगं एकदम घेऊ नका. गिऱ्हाईक ज्या यंत्राचे पार्ट आज मागतंय, तिथून सुरुवात करा.

प्रश्न : लेझर कटिंगवाला दर वेळी ‘डीएक्सएफ आर-१२ मध्येच द्या’ म्हणतो. इतकी जुनी आवृत्ती कशाला? (अंजनगाव सुर्जी)

कारण ती साधी आहे. आर-१२ हे १९९२ चं ऑटोकॅड. त्याच्या डीएक्सएफमध्ये रेषा, वर्तुळ, कंस, पॉलीलाइन (जोडलेल्या रेषांची साखळी) असे मोजकेच प्रकार आहेत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मशीनचं सॉफ्टवेअर ती वाचतं. पण स्प्लाइन (मुक्त वळणाची रेष) आणि लंबवर्तुळ त्यात बसत नाहीत, त्यांचे बारीक बारीक तुकडे होतात. कापायला ती द्या, जपायला नवी आवृत्तीही ठेवा. आणि फाइलच्या नावातच ‘एमएम’ लिहा. आर-१२ च्या फाइलला एकक माहीत नसतं. समोरच्याने इंच धरले तर पार्ट पंचवीसपट मोठा होईल.

प्रश्न : मी हिंगणघाटची. डिप्लोमा करून जिनिंग मशीनचे पार्ट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात डिझाइन पाहते. आम्ही थ्रीडीमध्ये काम करतो, सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याने आहे. मालक म्हणतात, स्टेप फाइल काढून ठेव म्हणजे सॉफ्टवेअर बंद केलं तरी चिंता नाही. हे खरं आहे का?

ताई, अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्हीच मालकांना सांगायला हवं.

स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३, पहिल्यांदा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेलं मानक. ते कोणा एका कंपनीचं नाही आणि फाइल मजकुराच्या रूपात असते. थ्रीडी आकार जपायला आज त्याच्यापेक्षा भरवशाचं काही मला माहीत नाही. पण स्टेपमध्ये जातो तो तयार आकार. तुम्ही तो कसा घडवला हे जात नाही. आधी स्केच, मग एक्स्ट्रूड, मग भोक, मग फिलेट, आणि शाफ्टचा व्यास बदलला की बाकीचं आपोआप बदलणारी समीकरणं, ही सगळी फीचर ट्री मागे राहते. ओतून आलेला पार्ट हातात आहे, पण पॅटर्न नाही, अशी ती गत. पार्ट जसाच्या तसा करायचा तर स्टेप पुरे. बदलून करायचा तर नाही. आणि तुमच्या धंद्यात बदल अटळ आहे. डबल रोलर जिनचे लेदर रोलर झिजतात, गिऱ्हाइकागणिक लांबी बदलते, फिक्स नाइफ आणि मूव्हिंग नाइफचं सेटिंग बदलतं.

म्हणून स्टेपच्या बरोबर तीन गोष्टी ठेवा. मूळ सॉफ्टवेअरची फाइल, तिच्या आवृत्तीच्या नावासह. दुसरं, सगळ्या पॅरामीटरचा तक्ता साध्या सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये): कोणतं माप स्वतंत्र, कोणतं कशावर अवलंबून, समीकरण काय. आणि प्रत्येक पार्टचं मापं आणि टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) घातलेलं टूडी ड्रॉइंग, पीडीएफ-ए मध्ये. मटेरियल आणि हार्डनेस मराठीत किंवा इंग्रजीत लिहून ठेवा. ते स्टेपमधून गेलंच असेल यावर विसंबू नका.

एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर स्टेपचा कोणता भाग हवा ते विचारेल: एपी२०३, एपी२१४ की एपी२४२? एपी२४२ मिळत असेल तर तेच घ्या. २०१४ मध्ये आलेल्या या भागात टॉलरन्ससारख्या गोष्टी मशीनला कळतील अशा रूपात साठवायची सोय आहे. ती तुमचं सॉफ्टवेअर खरोखर वापरतं का, हे फाइल परत उघडूनच कळेल. एपी२४२ नसेल तर एपी२१४. आयजेस हा त्याहून जुना प्रकार, १९८० च्या सुमाराचा. त्यात पृष्ठभाग सुटे सुटे येतात आणि भरीव पार्टच्या कडा उकलतात. दुसरा इलाजच नसेल तेव्हाच तो.

आता तपासणी. प्रत्येक कॅडच्या पोटात भूमितीचं एक इंजिन असतं, त्याला कर्नल म्हणतात. पॅरासॉलिड, एसीआयएस ही त्यांतली नावं. दोन पृष्ठभाग एकमेकांना किती जवळ आले म्हणजे ‘चिकटले’ म्हणायचे, हे प्रत्येक कर्नल आपापल्या परीने ठरवतं. त्यामुळे एका ठिकाणी भरीव असलेला पार्ट दुसऱ्या ठिकाणी फटी पडून पोकळ कवच होऊ शकतो, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून नुसतं पाहू नका, मोजा. मूळ सॉफ्टवेअरमध्ये पार्टचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य लिहून घ्या. मग स्टेप फाइल फ्रीकॅडमध्ये उघडा. ते फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. तिथे तेच आकडे काढा आणि जुळवा. हे मी मनाने सांगत नाही. युरोप-अमेरिकेतल्या विमान उद्योगाने लोटार नावाच्या उपक्रमातून ईएन ९३०० ही मानकांची मालिका केली आहे, तिचा गाभा हाच आहे: स्टेपमध्ये साठवा, आणि घनफळ, पृष्ठफळ, गुरुत्वमध्य यांचे आकडे शेजारी ठेवून पुढे केव्हाही पडताळा. विमान कित्येक दशकं उडतं. बोइंग ७७७ हे संपूर्ण कॉम्प्युटरवर रेखलेलं पहिलं जेट प्रवासी विमान १९९४ मध्ये उडालं आणि त्या जातीची विमानं आजही आकाशात आहेत. त्यांच्या पार्टच्या फाइली तेवढा काळ उघडल्याच पाहिजेत.

आवृत्तीचा फरक किती महाग पडतो तेही मालकांना सांगा. एअरबसच्या ए३८० विमानात जर्मनीतले लोक कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते आणि फ्रान्समधले पाचवी. वायरिंगची ड्रॉइंगं एकमेकांत नीट गेली नाहीत, विमानात बसवताना वायरी आखूड पडल्या, आणि २००६ मध्ये विमानं द्यायला फार मोठा उशीर झाला. आपला कारखाना लहान आहे म्हणून हा प्रश्न लहान होत नाही. आपल्याकडे तो निस्तरायला माणसंही कमी असतात.

भाड्याचं म्हणाल तर ती आता रीतच झाली आहे. ऑटोडेस्कनेही २०१६ मध्ये नवे कायमचे परवाने विकणं बंद केलं. तेव्हा भाडं चालू आहे तोवरच एक्स्पोर्ट करा. भाडं संपायच्या आठवड्यात हे काम काढलंत तर तपासायला वेळ उरणार नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची मोजणी टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) झाली. मोजणीवाल्यानं डीडब्ल्यूजी फाइल दिली, कंटूर आहेत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी किती गाळ साचला हे पुन्हा मोजून पाहायचं आहे. ही फाइल पुरेल का? (सडक अर्जुनी, जि. गोंदिया)

एवढ्यावर नाही पुरणार, पण तुम्ही वेळेत विचारलंत याचा मला फार आनंद झाला. कोहळी समाजाच्या लोकांनी आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, आणि कित्येकांचा मूळ तळ किती खोल होता हे सांगणारा कागद आज सापडत नाही. तुम्ही तो कागद करता आहात.

मोजणीवाल्याकडून आधी कच्चे बिंदू मागून घ्या, साध्या सीएसव्हीमध्ये. बिंदू क्रमांक, पूर्वांतर, उत्तरांतर, पातळी आणि तो बिंदू कशाचा आहे याची खूण. कंटूर ही सारख्या उंचीच्या जागा जोडणारी, सॉफ्टवेअरने बिंदूंवरून काढलेली रेघ आहे. सॉफ्टवेअर बदललं की ती थोडी सरकते. बिंदू मात्र तेच राहतात, आणि गाळाचं घनमाप त्यांच्यावरूनच निघेल.

मग पातळी कशावरून धरली ते विचारा. पुष्कळदा एका दगडावर रंगाने खूण करून तिला १००.००० मीटर धरतात. त्यात गैर काही नाही, पण तो दगड गेला की सगळी मोजणी अधांतरी. खूण पाळीच्या मातीवर असेल तर ती बसते, सरकते. म्हणून सांडव्याच्या पक्क्या बांधकामावर एक, शाळेच्या किंवा देवळाच्या जोत्यावर एक आणि तिसरी आणखी दूर, अशा तीन खुणांच्या पातळ्या मोजून घ्या. फोटो काढा, कोणत्या पायरीच्या कोणत्या टोकाला ते लिहा. सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क (उंची ठरवून दिलेली पक्की खूण) जवळपास असेल तर त्याला जोडून घ्या. जीपीएसवरून उंची घेतली असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची आहे की लंबगोलावरची (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतं त्यावरची), हे लिहून घ्याच. आपल्या भागात या दोघींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. गाळ मोजायचा वीतभर, आणि गोंधळ एवढा!

निर्देशांक यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये जागा सांगण्याच्या पद्धतीत) असतील तर झोनही लिहा. गोंदिया, भंडारा, वर्धा झोन ४४ मध्ये येतात. अकोला, बुलडाणा, अमरावती शहर झोन ४३ मध्ये. ७८ अंश रेखांशाची रेषा आपल्या विदर्भातून जाते, यवतमाळ जिल्ह्याचे तर दोन भाग करते. मोजणीची तारीख आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी हेही त्याच टिपणात असू द्या. डीडब्ल्यूजी ठेवाच, पण बिंदूंची यादी आणि खुणांचं टिपण यांचे कागदी प्रिंट ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि शाळेत, दोन्हीकडे लावा.

प्रश्न : पेनड्राइव्ह, हार्डडिस्क की क्लाउड? एकच सांगा. (मेहकर)

एकच सांगता येणार नाही. जपायचं असेल तर प्रती तीन हव्यात: दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. एकाच टेबलावरच्या तीन प्रती वीज कडाडली की एकत्र जातात. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, पण त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर तो भार ओसरतो. घरी चुंबकीय हार्डडिस्क, ती वर्षातून दोनदा तरी चालू करून बघायची. दुसरी तशीच डिस्क बहिणीकडे किंवा मुलाकडे दुसऱ्या गावी. तिसरी प्रत क्लाउडवर. खेड्यात नेट रडतं हे खरं, पण डीएक्सएफ, स्टेप आणि पीडीएफ फाइली व्हिडिओसारख्या जड नसतात, रात्री लावून ठेवल्या तर सकाळपर्यंत चढतात.

प्रती सारख्याच आहेत ना, हे नुसतं नाव आणि आकार पाहून कळत नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा असते. तिला फाइल दाखवून एसएचए-२५६ मागा, चौसष्ट अक्षरांचा आकडा मिळेल. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी तो आकडा पार बदलतो. सगळ्या फाइलींचे आकडे एका यादीत लिहून प्रत्येक डिस्कवर ठेवा. दसऱ्याला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा होतेच, त्याच आठवड्यात ती यादी पडताळा आणि पाच-सहा फाइली शेजारच्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यातली दोन मापं मोजा. जी जुळली नाही ती त्याच दिवशी चांगल्या प्रतीवरून बदला.

फोल्डर झिप करून त्याला पासवर्ड घालू नका. क्लाउडला मात्र पासवर्ड लागणारच. तो, आणि ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो तो नंबर, एका कागदावर लिहून जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.